मराठी ई-पुस्तक पीडीएफमध्येच का अडकून पडलं?

मराठी ई-पुस्तक म्हटलं की आजही बहुतेकांच्या डोळ्यांसमोर पीडीएफच येते. व्हॉट्सॲपवर कुणीतरी पाठवलेली, मोबाइलवर उघडल्यावर मुंगीएवढी अक्षरं दिसणारी, दोन बोटांनी मोठी केली की ओळीचं शेपूट पडद्याबाहेर घालवणारी. एक ओळ संपवायला पान उजवीकडे सरकवायचं, पुढच्या ओळीसाठी परत डावीकडे आणायचं. वीस-पंचवीस पानांत वाचणारा कंटाळतो आणि म्हणतो, मोबाइलवर वाचनाची मजा नाही. दोष मोबाइलचा नसतो, पुस्तकाचाही नसतो. फाइलचा फॉरमॅट चुकलेला असतो, आणि तोच फॉरमॅट आपल्या वाट्याला का आला याला मोठा इतिहास आहे.

ई-पुस्तकाचा जन्म ४ जुलै १९७१ चा मानतात. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात मायकेल हार्ट या विद्यार्थ्याने तिथल्या संगणकावर अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा टंकून ठेवला. प्रोजेक्ट गुटेनबर्गची सुरुवात ती. फॉरमॅट अगदी साधा मजकूर: ठळक नाही, तिरपं नाही, चित्र नाही. हार्टने पुढेही साध्या मजकुराचाच आग्रह धरला, कारण कोणतंही यंत्र, कोणतंही सॉफ्टवेअर ते वाचू शकत होतं. तो आग्रह मला आजही पटतो. फक्त त्या साध्या मजकुरामागे होता आस्की हा प्रत्येक अक्षराला एक आकडा नेमून देणारा संकेत, आणि त्यात जागा १२८. इंग्रजी अक्षरं, आकडे, विरामचिन्हं यांतच त्या संपत. देवनागरीला तिथे उभं राहायलाही जागा नव्हती.

पीडीएफचा प्रश्न वेगळाच होता. ॲडोबीचे एक संस्थापक जॉन वॉर्नॉक यांनी १९९१ मध्ये ‘कॅमेलॉट’ या नावाने एक कल्पना मांडली. एका संगणकावर तयार केलेलं कागदपत्र दुसऱ्या कोणत्याही संगणकावर जसंच्या तसं दिसावं आणि जसंच्या तसं छापलं जावं, ही ती कल्पना. १९९३ मध्ये पीडीएफ बाजारात आली. ती छापील पानासाठी जन्मली. या शब्दामागून तो शब्द, इथे परिच्छेद संपला, हे प्रकरणाचं नाव, असा हिशेब तिला ठेवावाच लागत नाही. हा आकार पानावर अमुक जागी काढायचा, एवढ्यावर तिचं भागतं. पडद्याचा आकार बदलला तरी पान बदलत नाही. छापखान्यासाठी हा गुण, पाच-सहा इंची पडद्यावर वाचणाऱ्याला मात्र जाच.

मग मराठीने तिला इतकं घट्ट का धरलं? त्याचं उत्तर नव्वदच्या दशकातल्या डीटीपी सेंटरमध्ये, म्हणजे संगणकावर मजकूर टंकून छपाईची पानं लावून देणाऱ्या दुकानात आहे. त्या काळी शहरांत आणि पुढे तालुक्याच्या गावीही डीटीपीची दुकानं निघाली. पानं मांडायला पेजमेकर हे सॉफ्टवेअर आणि सोबत मराठी अक्षरांसाठी श्रीलिपी, नाहीतर सी-डॅकचं आयएसएम, किंवा आणखी कुणाचा फॉन्ट. लग्नपत्रिका, स्मरणिका, दिवाळी अंक, कादंबऱ्या, सगळं त्यावर होई. हे फॉन्ट एका युक्तीवर चालत. फॉन्टमध्ये खण फार तर २५६, आणि संगणकाला वाटे की त्यांत इंग्रजी अक्षरं आणि युरोपीय चिन्हं आहेत. त्या खणांत मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले: एका खणात अर्धा क, दुसऱ्यात काना, तिसऱ्यात वेलांटी. पडद्यावर ‘किनारा’ दिसे, पण संगणकाच्या लेखी ती नुसती परकी चिन्हं असत. शिवाय प्रत्येक कंपनीचे खण वेगळे. या फॉन्टची फाइल त्या फॉन्टवर उघडली की नुसता चिखल.

अशा परिस्थितीत पीडीएफ देवासारखी धावून आली, कारण ती फॉन्ट स्वतःच्या पोटात घेऊन जाते. पुण्यात केलेली पीडीएफ न्यू जर्सीतल्या मराठी घरात उघडली तरी अक्षर न् अक्षर जागेवर. परदेशातल्या वाचकाला त्या काळी मराठी वाचायला मिळणं हीच मोठी गोष्ट होती. ई साहित्य प्रतिष्ठानसारख्या संस्थेने पीडीएफच्या जोरावरच मराठी पुस्तकं घरोघरी विनामूल्य पोचवली. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाचे ग्रंथ आणि बालभारतीची पाठ्यपुस्तकंही संकेतस्थळावर पीडीएफमध्येच मिळतात. त्या वेळी दुसरा इलाज नव्हता, आणि ज्यांनी हे काम केलं त्यांचे उपकारच आहेत.

पण दिसणं वेगळं आणि असणं वेगळं. आमच्या मावशीने २००२ मध्ये आपल्या लहानपणीच्या आठवणी लिहून काढल्या, गावातल्या डीटीपीवाल्याकडून टंकून घेतल्या आणि शंभरेक प्रती छापून नातेवाइकांत वाटल्या. सीडीवर राहिली ती पीडीएफ. काही वर्षांपूर्वी तिचं नीट ई-पुस्तक करावं म्हणून मी पहिल्या पानावरची एक ओळ निवडली, कॉपी केली आणि कोऱ्या फाइलमध्ये चिकटवली. उतरलं ते एवढंच: टोपी घातलेले ओ, दोन टिंबांचे यू, मधूनच पौंडाचं चिन्ह. डोळ्यांना मराठी दिसत होतं आणि फाइलमध्ये मराठीचं एक अक्षर नव्हतं. त्या फाइलमध्ये ‘विहीर’ शोधली असती तर कधीच सापडली नसती. मूळ पेजमेकरची फाइल डीटीपीवाल्याकडेही उरली नव्हती.

खरं तर उपाय तोवर जुना झाला होता. भारतीय लिप्यांसाठी इस्की हा आपला संकेत ऐंशीच्या दशकातच तयार होता, आणि १९९१ मध्ये आलेल्या युनिकोड या जगभरच्या लिप्यांसाठीच्या सामायिक संकेताच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीची मांडणी त्याच्याच धर्तीवर झाली. युनिकोडमध्ये क म्हणजे क, मग फॉन्ट कोणताही असो. पण डीटीपीच्या सॉफ्टवेअरला युनिकोड देवनागरी नीट जोडता यायला फार वेळ लागला. ऑपरेटरचा हात जुन्या कीबोर्डवर बसलेला, छापखान्याचं सगळं जुन्या फॉन्टवर बेतलेलं. कितीतरी प्रकाशनांत अजून तेच चालू आहे.

तिकडे इंग्रजीत वाचनासाठीचा फॉरमॅट घडत होता. १९९९ मध्ये ‘ओपन ई-बुक’ हा सामायिक आराखडा आला आणि त्यातूनच २००७ मध्ये ई-पब. ई-पबची रचना समजून घ्यायला तज्ज्ञ असावं लागत नाही. एखाद्या ई-पब फाइलची प्रत करा, नावाच्या शेवटी झिप लिहा आणि ती उघडा. आत सापडतं एक छोटंसं संकेतस्थळ: प्रत्येक प्रकरणाचं वेगळं वेबपान, सजावटीची एक फाइल, चित्रांचा फोल्डर, पुस्तकाचं नाव-लेखक-भाषा सांगणारी नोंद आणि अनुक्रमणिका. मजकूर मजकूरच राहतो. पडदा लहान असला की ओळी आपोआप आखूड होतात, अक्षर मोठं केलं की पानं वाढतात. २०११ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून ध्वनी आणि चित्रफीतही आली. २०१७ पासून ई-पबचा सांभाळ वेबचे नियम ठरवणारी डब्ल्यू-थ्री-सी ही संस्था करते, आणि २०२३ मध्ये ३.३ ही आवृत्ती तिची अधिकृत शिफारस झाली.

ॲमेझॉनने वेगळी वाट धरली. मोबीपॉकेट ही फ्रेंच कंपनी त्यांनी २००५ मध्ये विकत घेतली, आणि नोव्हेंबर २००७ मध्ये किंडल हा त्यांचा ई-रीडर आला तो तिच्या मोबी फॉरमॅटच्या पायावर. नंतर त्यांचेच एझेडडब्ल्यू३, मग केएफएक्स हे फॉरमॅट. वर्षानुवर्षं वाचकांनी मोबी आणि ई-पब अशा दोन-दोन फाइली सांभाळल्या. २००६ मध्ये कोविद गोयल या भारतीय प्रोग्रॅमरने आपला सोनीचा ई-रीडर लिनक्सवर चालावा म्हणून एक छोटं साधन लिहिलं. तेच पुढे ‘कॅलिबर’ झालं, आणि फॉरमॅट बदलायचा म्हटलं की आज सगळे त्याच्याकडेच जातात. अखेर २०२२ मध्ये आपली फाइल किंडलवर पाठवायच्या ‘सेंड टू किंडल’ सेवेने ई-पब स्वीकारायला सुरुवात केली आणि पुढे मोबीला निरोप दिला. आता स्वतःची पुस्तकं मोबीत करून ठेवण्यात काहीच अर्थ नाही.

मराठीची अडचण मात्र ई-पब आल्यावरही संपली नाही. युनिकोडमध्ये ‘कि’ साठवताना आधी क येतो, मग वेलांटी; पडद्यावर ती क च्या आधी काढण्याचं काम यंत्राचं. जुन्या ई-रीडरना हे जमत नसे. वेलांटी अक्षराच्या उजवीकडे लटके, जोडाक्षरांचे पाय मोडत. अनेकांनी त्या वेळी एकदा प्रयत्न करून ई-पबचा नाद सोडला, तो कायमचाच. आजच्या फोनवर आणि चांगल्या रीडरवर हा प्रश्न राहिलेला नाही. किंडलच्या दुकानातही २०१६ च्या डिसेंबरपासून मराठी पुस्तकं आहेत.

तरी दोन गोष्टी जवळून तपासाव्या लागतात. पहिली, अर्ध्या र ची. स्वयंपाक करणाऱ्या ‘आचाऱ्यांना’ आणि ज्ञान देणाऱ्या ‘आचार्यांना’ यांत फरक आहे, आणि जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणताना ‘दऱ्या’चा ‘दर्या’ कधी झाला हे कळतही नाही. मावशीच्या पुस्तकात शेवटी सगळं पुन्हा टंकलं, तेव्हा शुद्धलेखनात सर्वांत जास्त वेळ या र नेच घेतला. दुसरी, ल आणि श यांची. पाकळ्यांचा ल आणि देठाचा श ही आपली वळणं. राज्य शासनाने २००९ च्या निर्णयात तीच प्रमाण मानली. अनेक युनिकोड फॉन्टमध्ये ती असतात, पण फाइलमध्ये भाषा मराठी अशी नोंद असली तरच पुढे येतात. नोंद इंग्रजी किंवा हिंदी राहिली की दांड्याचा ल समोर येतो. म्हणून ई-पब करताना भाषेचा रकाना कधीही तसाच सोडू नये.

फॉरमॅटबरोबर कुलपाचाही, म्हणजे फाइलची नक्कल होऊ नये म्हणून विकणारा घालतो त्या बंधनाचाही विचार हवा. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये आपलं ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं, तेव्हा ग्राहकांना पैसे परत मिळाले, पण विकत घेतलेली पुस्तकं उघडेनाशी झाली. त्यातली बरीच ई-पबच होती. फॉरमॅट खुला असूनही वर कुलूप असेल तर किल्ली दुकानदाराकडेच राहते. विकणाऱ्याला चोरीची भीती असते, हे मला मान्य आहे. पण जे पुस्तक पन्नास वर्षं टिकावं असं वाटतं, त्याची निदान एक प्रत बिनकुलपाची हवीच.

आणि ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही, त्यांचं काय? अंध वाचकांसाठी पुस्तकं सुलभ करण्याच्या मराकेश कराराला मंजुरी देणारा पहिला देश भारत, २०१४ मध्ये. २०१६ मध्ये अशा वाचकांसाठीचं सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालयही सुरू झालं. पण जुन्या फॉन्टची पीडीएफ स्क्रीन रीडरला, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला वाचायला दिली तर तो मराठी वाचतच नाही, टोपीवाले ओ वाचतो. त्या वाचकासाठी ते पुस्तक अस्तित्वातच नसतं. मला या सगळ्यात हे सर्वांत जास्त सलतं, कारण इथे गैरसोय नाही, दारच बंद आहे.

म्हणून आज निवड करायची तर कादंबरी, कथा, आठवणी, लेख, म्हणजे जिथे मजकूर वाहतो तिथे ई-पब. कोष्टकं, गणितं, पानभर चित्रं, छापखान्याला द्यायची प्रत, तिथे पीडीएफ, तीही युनिकोड फॉन्टची. जुन्या दुर्मिळ ग्रंथांच्या स्कॅनला पीडीएफशिवाय चालत नाही, कारण तिथे पानाचं रूपही जपायचं असतं. ई-पब करणं आता अवघड राहिलेलं नाही: गूगल डॉक्समधून ती थेट उतरवता येते, लिबर ऑफिसमध्ये २०१८ पासून सोय आहे, बारीक डागडुजीला सिजिल हे सॉफ्टवेअर आहे. फक्त प्रकरणाच्या नावाला नुसतं ठळक करू नका, शीर्षकाची शैली लावा. त्यावरच अनुक्रमणिका तयार होते.

आणि पुस्तक टंकायला द्याल तेव्हा डीटीपीवाल्याकडून पीडीएफसोबत युनिकोडमधला मूळ मजकूरही मागून घ्या. फाइल हातात आल्यावर तिथेच, त्याच्या टेबलाशी उभं राहून, एक ओळ कॉपी करून फोनमधल्या कोऱ्या नोंदीत चिकटवून बघा.