तंबाखूचा करार, बंद दार आणि निपाणी : थोडी पार्श्वभूमी

निपाणीत तंबाखूच्या वखारीसमोरनं गेलं की नाकात ठसका बसतोच, आणि तंबाखू शेतकऱ्यांचं दरासाठीचं १९८१ चं आंदोलन इथं कुणाला नव्यानं सांगायला नको. पण या पिकाबद्दल २००० ते २००३ जिनिव्हात देशोदेशींचे अधिकारी बसून एक करार (जागतिक आरोग्य संघटनेचा तंबाखू नियंत्रण करार) ठरवत होते, त्याची चर्चा चिकोडी-निपाणीत कुणी कधी ऐकली असेल असं मला वाटत नाही.

कायदेशीर बाजू थोडक्यात. घटनेतल्या केंद्राच्या यादीत १४ नंबरला परदेशांशी करार, राज्याच्या यादीत १४ नंबरलाच शेती. पीक राज्याचं, सही दिल्लीची. सहीआधी मसुदा संसदेपुढं ठेवलाच पाहिजे असं घटनेत कुठं नाही, कलम २५३ नुसार संसद कायदा करते तो करार अंमलात आणायला, म्हणजे मागनं. देशाचा भूभाग द्यायचा असला तर घटनादुरुस्ती लागते हे सुप्रीम कोर्टानं १९६० लाच सांगितलंय (सीमाभागातल्या माणसाला हा फरक पटकन कळतो), शेतातल्या पिकाला तेवढं संरक्षण नाही. ब्रिटनमध्ये २०१० च्या कायद्यानं करार सभागृहापुढं २१ कामकाजाचे दिवस ठेवावा लागतो. आपल्याकडं मे २००३ मध्ये करार ठरला, त्याच महिन्यात आपला तंबाखू कायदा झाला, सप्टेंबरात सही, ५ फेब्रुवारी २००४ ला अनुसमर्थन, म्हणजे देशाची शेवटची मान्यता. कायदा संसदेतनं गेला, करारावर संसदेत मतदान नाही.

खरा घोळ आहे तो 'तंबाखू उद्योग' या शब्दात. कराराचं कलम ५.३ म्हणतं की आरोग्य धोरण या उद्योगाच्या हितसंबंधांपासनं वाचवा, आणि ते बरोबरच आहे, सिगारेट कंपन्यांनी जगभर काय काय केलंय ते उघड आहे. पण उद्योग म्हणजे कोण? करारातल्याच व्याख्येत तंबाखूचा माल बनवणारे, घाऊक वितरक आणि आयातदार एवढेच आहेत, शेतकरी नाही. उलट कलम १७ शेतकऱ्याला आणि कामगाराला पर्यायी धंदा मिळवून द्यायला सांगतं. पुढं २००८ मध्ये ५.३ ची मार्गदर्शक तत्त्वं आली, त्यात उद्योगाचं हित पुढं रेटणाऱ्या संस्था आणि व्यक्तीही आल्या, झालं, आता दर मागणारा शेतकरी स्वतःचं बोलतोय का कंपनीचं हे ठरवणार कोण? काही शेतकरी संघटनांमागं कंपन्या असतात हे खोटं नाही, पण म्हणून निपाणीचा दीड एकरवाला आणि सिगारेट कंपनी एकाच पारड्यात घालायची हे मला तरी पटत नाही.

नोव्हेंबर २०१६ मध्ये करारातल्या देशांची बैठक आपल्याच देशात, ग्रेटर नोएडात भरली. प्रेक्षकांना बाहेर काढलं, पत्रकारांनाही, आणि तंबाखू शेतकरी निदर्शनं करत बाहेरच राहिले. त्याच आठवड्यात ८ तारखेला नोटबंदी, मग तिकडं बघतंय कोण.

आता दुसरं दार बघा, संसदेचं. सिगारेट-बिडीच्या पाकिटावर ८५ टक्के जागेत चित्र-इशारा छापायचा नियम २०१५ मध्ये अडला तो संसदेच्या एका समितीमुळं, आणि त्या समितीत बिडीचा धंदा असलेले एक खासदार होते! समितीनं मार्च २०१६ मध्ये ५० टक्के पुरे म्हणून सांगितलं, तरी १ एप्रिलपासनं ८५ लागूच झालं. डिसेंबर २०१७ ला कर्नाटक हायकोर्टानं ते रद्द केलं, जानेवारी २०१८ ला सुप्रीम कोर्टानं त्या निकालाला स्थगिती दिली. एवढी सगळी ओढाताण पाकिटावरच्या चित्राची, कलम १७ ची नाही.