जुन्या जीपमधला ठोका आणि त्याचा हिशेब

‘बेअरिंग गेलंय, इंजिन उतरवावं लागेल,’ हा निर्णय कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात जुन्या जीपच्या मालकांना अनेकदा ऐकावा लागतो, आणि तो पुष्कळदा बॉनेट उघडून, मान तिरकी करून, अर्धा मिनिट ऐकून दिलेला असतो. मुरलेल्या मेस्त्रीच्या कानाबद्दल मला आदर आहे. मात्र इंजिनातला आवाज नेमका कुठून येतो हे त्या कानाला कळते, ही समजूत भौतिकशास्त्राच्या कसोटीला उतरत नाही. कान आवाजाचा पोत उत्तम ओळखतो, पण ठिकाणाच्या बाबतीत तो सहज फसतो. त्याऐवजी क्रँकच्या, म्हणजे पिस्टनच्या वरखाली हालचालीने फिरणाऱ्या इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, एका फेऱ्यामागे किती ठोके पडतात हे मोजले, तर संशयितांची यादी झपाट्याने लहान होते.

कान का फसतो, हे आधी पाहू. आवाजाची दिशा ठरवताना मेंदू मुख्यतः दोन कानांपर्यंत तो पोहोचण्याच्या वेळेतला फरक वापरतो, आणि हवेत हा फरक जास्तीत जास्त ०.६ ते ०.७ मिलिसेकंद असतो. ओतीव लोखंडात मात्र आवाज सेकंदाला चार ते पाच हजार मीटर धावतो, म्हणजे अर्धा मीटर लांबीच्या ब्लॉकच्या एका टोकाचा ठोका दुसऱ्या टोकाला एक दशांश मिलिसेकंदाच्या आसपासच पोहोचतो. परिणामी सगळा ब्लॉक जवळजवळ एकदमच थरथरतो, आणि त्याला बोल्टने जोडलेले पातळ पत्र्याचे भाग, म्हणजे वरचे टॅपेट कव्हर (व्हॉल्व्हना ढकलणाऱ्या टॅपेटवरचे झाकण) आणि तळाचा ऑईल सम्प (ऑईल साठवणारे भांडे), सगळ्यांत मोठ्याने वाजतात. दोष एका जागी असतो आणि बोंब दुसऱ्याच जागेवरून उठते. (कोल्हापूरच्या फाउंड्र्यांत ओतल्या जाणाऱ्या करड्या ओतीव लोखंडात ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांमुळे कंपने लवकर जिरतात, हे त्यातल्या त्यात बरे. हातोडी मारून पाहिली तर त्याचा आवाज बद्द येतो, आणि ज्यात ग्रॅफाइट गोळ्यांच्या रूपात असते ते लोखंड खणखणते, हे शिरोली किंवा गोकुळ शिरगावचा कोणताही जुना कामगार सांगेल.)

लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक ब्लॉकवर आणि मूठ कानामागच्या हाडावर टेकवण्याची मेस्त्रींची रीत अधिक भरवशाची आहे. पोलादातून हवेत काटकोनात शिरणाऱ्या आवाजाच्या ऊर्जेचे लाखांतले जेमतेम तीन-चार भाग पलीकडे जातात, उरलेले परत फिरतात. धातूपासून हाडापर्यंतच्या वाटेत हवा येऊच दिली नाही, तर हे नुकसान बरेच टळते. चालत्या पंख्यापासून आणि बेल्टपासून स्क्रू ड्रायव्हर, बाही व केस दूर ठेवणे, एवढीच अट.

आता मोजणीकडे वळू. चार स्ट्रोकच्या इंजिनात हवा आत घेणे, ती दाबणे, जळणाऱ्या इंधनाचा रेटा घेणे आणि धूर बाहेर टाकणे ही चार कामे क्रँकच्या दोन फेऱ्यांत पूर्ण होतात. व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट त्यामुळे क्रँकच्या बरोबर निम्म्या वेगाने फिरतो. इंजिन आयडलवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, मिनिटाला ७५० फेरे घेत असेल, तर क्रँक सेकंदाला १२.५ फेरे करतो, कॅम ६.२५, आणि चार सिलिंडरचे मिळून ज्वलनाचे २५ धक्के बसतात. एखादाच टॅपेट ढिला असेल तर त्याची टकटक सेकंदाला ६.२५ वेळा होईल. पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग झिजले असेल तर ठोका क्रँकच्या फेऱ्यागणिक येईल, त्यातही ज्वलनाच्या फेऱ्यात अधिक जोरकस. ॲक्सिलरेटर दाबला की हे सगळे आकडे वाढतात, पण त्यांचे परस्परांशी असलेले गुणोत्तर तसूभरही हलत नाही, कारण ते गिअरच्या दातांनी बांधलेले आहे. म्हणून कंपनांचा अभ्यास करणारे अभियंते आलेख काढताना बहुधा सेकंदाऐवजी क्रँकचा फेरा हेच एकक धरतात.

सेकंदाला १२ ठोके माणसाला मोजता येत नाहीत, ही अडचण खरी. विसाच्या पुढे गेल्यावर तर ते सुटे ऐकूही येत नाहीत, सलग घरघर होते. पण मोबाइलवर आवाज टिपून तो चौथाई वेगाने वाजवला, तर टॅपेटची टकटक सेकंदाला दीड-एक वेळा येते आणि ज्वलनाचे धक्के सहा वेळा. चार धक्क्यांमागे एक टकटक, म्हणजे कॅमच्या वेगाने चालणारे काहीतरी.

राधानगरीकडच्या एका परिचितांच्या जुन्या डिझेल जीपचा ठोका याच पद्धतीने तपासला, तेव्हा तो कॅमशीही जुळेना आणि क्रँकशीही. ज्वलनाच्या तालावर तो स्थिर राहतच नव्हता. कधी धक्क्यावर बसे, कधी दोन धक्क्यांच्या मधोमध येई, आणि हळूहळू पुन्हा धक्क्यावर येई. दातांनी बांधलेला कोणताही भाग असा सरकू शकत नाही. जे सरकते ते फॅन बेल्टवर फिरते, कारण पुलींच्या व्यासांचे गुणोत्तर सहसा पूर्णांकी नसते. इथे क्रँकच्या दहा फेऱ्यांत वॉटर पंपाचे सुमारे अकरा होत होते. थंड इंजिनाचा बेल्ट काढून ते मिनिटभराच्या आतच चालवून पाहिले (पंप बंद असताना पाणी फिरत नाही, म्हणून जास्त वेळ नाही) आणि ठोका गेला. इंजिन बंद करून पंख्याचे पाते मागेपुढे हलवले तर पंपाचा शाफ्ट त्याच्याबरोबर डुलत होता, म्हणजे पंपाचे बेअरिंग झिजले होते, आणि पंपाच्या खालच्या बारीक भोकापाशी गंजकट पाण्याचा ओघळ सुकून बसला होता. पंप ब्लॉकला बोल्टने आवळलेला असल्यामुळे हाच ठोका सगळ्यांना सम्पमधून ऐकू येत होता.

अशा बेअरिंगची चाहूल ठोक्याच्या पुष्कळ आधी लागू शकते, आणि तिचे गणित मला विशेष आवडते. बॉल बेअरिंगची आतली कडी शाफ्टबरोबर फिरते, बाहेरची स्थिर असते, आणि गोळा दोन्हींच्या मधे लोळतो. त्याच्या केंद्राचा वेग आतल्या कडीच्या पृष्ठभागाच्या निम्मा असतो. पण केंद्राला मोठ्या वर्तुळातून जायचे असल्याने गोळ्यांचा ताफा शाफ्टच्या निम्म्याहून कमी फेरे घेतो. कड्यांच्या धावपट्ट्यांच्या त्रिज्या ३ आणि ५ या प्रमाणात असतील, तर शाफ्टच्या एका फेऱ्यात ताफा ३ भागिले ८, म्हणजे ०.३७५ फेरा करतो. गोळे सात असतील तर बाहेरच्या कडीवरच्या एका खड्ड्यावरून दर फेऱ्याला ७ गुणिले ०.३७५, म्हणजे २.६२५ गोळे जातात. आतल्या कडीवरच्या खड्ड्याला ४.३७५ गोळे भेटतात. वारंवारतांचा आलेख दाखवणाऱ्या मोबाइल ॲपमध्ये शाफ्टच्या वेगाचे असे अपूर्णांकी पट दिसले, की कोणती कडी खराब झाली आहे याचाही अंदाज बांधता येतो.

ठोका क्रँकशी जुळला तर मात्र डिझेलच्या एकेका सिलिंडरच्या नोझलचा (इंधन फवारणाऱ्या तोटीचा) पाइप नटापाशी सैल करून ते सिलिंडर बंद पाडतात. ज्या सिलिंडरला ठोका मंदावतो, त्याचा रॉड संशयित. या डिझेलची बारीक धार कातडीत घुसू शकते, म्हणून नटापाशी हात किंवा चेहरा नेऊ नये. पिस्टन सैल असल्यास ठोका थंड इंजिनात मोठा आणि तापल्यावर लहान होतो: ९० मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा पिस्टन १०० अंशांनी तापला तर सुमारे ०.२ मिलिमीटर फुगतो, तर तेवढेच तापलेले ओतीव लोखंडाचे सिलिंडर ०.१. रॉडच्या बेअरिंगचे उलट असते, कारण तापलेले ऑईल पातळ होऊन झिजेच्या फटीला पुरेसा आधार देत नाही. आवाज घालवणाऱ्या बाटल्या आणि जाड ऑईल यांचे रहस्य एवढेच आहे. फट तशीच राहते, फक्त काही दिवस ऐकू येत नाही. दसऱ्याला गाडीची पूजा जरूर करावी, पण बॉनेटला टांगलेली लिंबू-मिरची आणि ही बाटली यांची बेअरिंगवरची कामगिरी सारखीच समजावी.

मोजणीलाही न सुटणारी एक जोडी आहे. ढिला टॅपेट आणि एकाच सिलिंडरपाशी फाटलेली एक्झॉस्ट मॅनिफोल्डची (सिलिंडरांतला धूर गोळा करणाऱ्या नळ्यांच्या जोडाची) गॅस्केट, म्हणजे सांधा बंद ठेवणारी चकती, दोन्ही क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदाच टकटकतात, आणि दोन्ही आवाज कानाला सारखेच कोरडे लागतात. गॅस्केटची टकटक मॅनिफोल्ड तापून फट मिटली की पुष्कळदा काही मिनिटांत विरते, चढावर जोर लागताच वाढते आणि सांध्याशेजारी काजळीचा काळा पट्टा ठेवते. तो पट्टा नसेल, तर टॅपेट कव्हर उघडून फीलर गेज, म्हणजे फट मोजण्याची पातळ पट्टी, घालावे.