हवामान चळवळीतील भावनांचे विज्ञान

भारतासह दहा देशांतील १६ ते २५ वर्षे वयाच्या १०,००० तरुणांना हवामान बदलाविषयी काय वाटते, हे जाणून घेणाऱ्या एका सर्वेक्षणाचे निष्कर्ष २०२१ मध्ये ‘द लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यांपैकी ५९ टक्के तरुण खूप किंवा अतिशय चिंतेत होते आणि ४५ टक्क्यांहून अधिकांच्या रोजच्या जगण्यावर या भावनांचा वाईट परिणाम होत होता. इतकी माणसे इतकी अस्वस्थ असताना चळवळीत प्रत्यक्ष उतरणारे मात्र थोडेच का असतात, हा प्रश्न मला या आकड्यांपेक्षाही महत्त्वाचा वाटतो.

भीती दाखवणाऱ्या संदेशांचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांनी याचे एक उत्तर फार पूर्वीच दिले आहे. धोका मोठा आहे हे पटले आणि त्यावर आपल्याला काही करता येईल असेही वाटले, तर माणूस धोक्याला भिडतो. परंतु उपाय आपल्या हाताबाहेरचा वाटला, तर तो धोक्याऐवजी स्वतःच्या भीतीलाच आवरू लागतो. मग तो बातम्या टाळतो, विषय बदलतो, किंवा हे सगळे वाढवून सांगितले जात आहे अशी स्वतःची समजूत घालतो.

२०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ६३ देशांतील ५९,४४० लोकांवर केलेल्या प्रयोगात याचीच एक बाजू दिसली. विनाशाचे चित्र रंगवून नकारात्मक भावना जागवल्या, तेव्हा समाजमाध्यमांवर हवामानविषयक माहिती पुढे पाठवण्याची तयारी सुमारे १२ टक्क्यांनी वाढली. पण झाडे लावली जावीत म्हणून एक कंटाळवाणे काम चिकाटीने पूर्ण करायचे होते, तिथे तपासलेल्या ११ उपायांपैकी एकानेही प्रयत्न वाढले नाहीत. उलट काही उपायांमुळे ते घटले. हळहळ व्यक्त करणे आणि कष्ट उपसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे चळवळीची प्रचारसामग्री तयार करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात घ्यायला हवे.

संतापाचे तसे नाही. संताप कोणाकडे तरी बोट दाखवतो: निर्णय घेणाऱ्यांकडे, दिलेली वचने मोडणाऱ्यांकडे, झालेल्या अन्यायाकडे. ऑस्ट्रेलियात २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हवामानाविषयीची चिंता, खिन्नता आणि संताप यांची तुलना केली गेली. तेव्हा संतापाचा संबंध चळवळीतील सहभागाशी तर आढळलाच, शिवाय अधिक चांगल्या मानसिक आरोग्याशीही आढळला. अर्थात, असे अभ्यास सहसंबंध दाखवतात. संतापलेली माणसे चळवळीकडे वळतात तशीच, चळवळीत आल्यावर कोणावर रागवायचे हेही माणसे शिकतात, आणि बहुधा दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडत असतात. अपराधीपणाची भावना मात्र बहुतेक वेळा वैयक्तिक सवयींपुरतीच राहते, कारण तिचे बोट स्वतःकडे वळलेले असते.

शोकाला चळवळीत फारच कमी जागा मिळते, आणि हे मला खटकते. कॅनडातील लॅब्राडोरच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या इनुइट लोकांमध्ये झालेल्या संशोधनात, समुद्रावरचा बर्फ भरवशाचा न राहिल्याने केवळ प्रवास आणि शिकार अडते असे नाही, तर आपण कोण आहोत याची जाणीवच डळमळते, असे दिसून आले. आइसलँडमध्ये २०१९ च्या ऑगस्टमध्ये ‘ओक’ या नष्ट झालेल्या हिमनदीच्या स्मरणार्थ एक फलक बसवण्यात आला आणि जगाचे लक्ष त्याकडे गेले. आकडेवारीने न हललेली माणसे अशा जाहीर शोकाने हलू शकतात, कारण गमावलेली गोष्ट आपली होती हे तिथे उघडपणे मान्य केले जाते.

आशेबाबत स्वीडिश संशोधक मारिया ओयाला यांनी केलेला भेद उपयोगाचा आहे. संकट फारसे गंभीर नाही अशा समजुतीवर उभी असलेली आशा माणसाला स्वस्थ बसवते, तर संकट मान्य करून त्यातून वाट शोधणारी आशा पर्यावरणपूरक वागण्याशी जोडलेली आढळते.

अमेरिकेतील विद्यार्थ्यांवर झालेल्या, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही हेच सूत्र पुढे जाते. हवामानाची चिंता आणि नैराश्याची लक्षणे यांचा संबंध सामूहिक कृतीत भाग न घेणाऱ्यांमध्ये स्पष्ट होता. भाग घेणाऱ्यांमध्ये तो दिसला नाही. एकट्याने केलेल्या पर्यावरणपूरक कृतींनी मात्र असा आधार दिला नाही. म्हणून नव्या कार्यकर्त्याला अधिक भयंकर माहिती देण्याआधी बैठकीला बोलावणे आणि पुढच्या आठवड्यात पार पाडता येईल असे काम सोपवणे अधिक उपयुक्त ठरण्याची शक्यता आहे.