नशा आणि आत्महत्येचे विचार : धोका कधी वाढतो, याची पार्श्वभूमी

मार्च २०२४ मध्ये कवठेमहांकाळ तालुक्यातल्या इरळीत मुंबई पोलिसांनी सुमारे २५२ कोटींचं मेफेड्रोन, म्हणजे एमडी हा अमली पदार्थ, पकडलं. त्यानंतर सांगली जिल्ह्यात नशेवर पुष्कळ बोललं गेलं. पण छापे, आरोपी आणि कोटींचे आकडे एवढ्यावरच. नशा करणाऱ्या पोराला जगणं नकोसं कधी वाटायला लागतं, हे कुणी फारसं विचारलं नाही.

हा प्रश्न मागे पडण्याची सुरुवात जुनी आहे. १९३८ मध्ये अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ कार्ल मेनिंजर यांनी व्यसन हा आत्महत्येचाच संथ प्रकार मानला. पण व्यसनी माणूस स्वतःला संपवतोच आहे असं एकदा धरलं, की त्याला ‘मरायचे विचार येतात का’ हे वेगळं विचारायचं राहूनच जातं. १९८५ मध्ये अमली पदार्थांविरोधातला एनडीपीएस कायदा आला आणि नशा मुख्यतः पोलिसांचा विषय झाली. त्याच वर्षी अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ एडवर्ड खांट्झियान यांनी मांडलं, की बरेच जण आतली वेदना दाबायला नशेकडे वळतात. उपचाराची वाट आपल्याकडे १९८६ मध्ये पुण्यात ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्राने आणि १९९१ मध्ये साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या ‘परिवर्तन’ने रुळवली.

२००४ मध्ये विलकॉक्स या संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक अभ्यास एकत्र तपासले. आत्महत्येचं प्रमाण सर्वसाधारण लोकांपेक्षा दारूच्या व्यसनात साधारण १० पट, हेरॉइनसारख्या अफूवर्गीय पदार्थांत १४ पट, आणि एकाहून अधिक पदार्थ घेणाऱ्यांत १७ पटींच्या आसपास निघालं. म्हणून ‘काय घेतोस’ याइतकंच ‘कशाबरोबर घेतोस’ हे विचारणं महत्त्वाचं. दारूवर झोपेच्या गोळ्या घेणारा स्वतःला ‘फक्त दारू पितो’ असंच सांगतो.

सगळ्यात मोठी खूण म्हणजे आधी केलेला प्रयत्न. त्याच्या जोडीला नैराश्य, लहानपणी झालेला छळ, जुनं दुखणं, कर्ज, मोडलेला संसार आणि आठवडेच्या आठवडे न लागणारी झोप. ‘माझ्यामुळे घराचं वाटोळं झालं, मी नसलो तर बरं’ हे वाक्य घरचे नाटक समजून सोडून देतात. ते कधीच सोडू नये.

वेळही तितकीच महत्त्वाची. नशेत हात आवरत नाही. क्षणात आलेला विचार क्षणात कृतीत उतरतो. एमडी उतरली की पुढचे काही दिवस मन खोल खचतं. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम बंद केली, तर ६ ते २४ तासांत थरथर सुरू होते. काहींना दोन-चार दिवसांत भ्रम होतो, आवाज ऐकू येतात. अशी दारू घरी कोंडून सोडवू नये, दवाखान्यातच सोडवावी. व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आल्यावरचे पहिले आठवडे सर्वांत नाजूक: आधार सुटलेला, देणेकरी दारात, आणि शरीराची नशेची सवय उतरल्याने अफूवर्गीय पदार्थाचा जुना डोसही जिवावर बेततो.

दारूने आलेलं नैराश्य दोन ते चार आठवडे दारू बंद ठेवली, की बऱ्याचदा ओसरतं. म्हणून नैराश्याचं पक्कं निदान तेव्हा पुन्हा तपासतात. आत्महत्येबद्दल मात्र पहिल्याच भेटीत विचारायचं. विचारल्याने कल्पना डोक्यात शिरत नाही, हे अभ्यासांतून दिसलं आहे. ‘जीव द्यावासा वाटतो का? काही ठरवलं आहे का?’ असं सरळ विचारावं. उत्तर हो आलं, तर माणसाला एकटं सोडू नये. गोळ्या घरच्यांच्या ताब्यात, आठवड्यापुरत्याच आणाव्यात. तासगाव-मिरजेच्या द्राक्षपट्ट्यात फवारणीची औषधं घरातच असतात. ती घराबाहेर, कुलपात, किल्ली दुसऱ्याकडे. टोकाची लाट अनेकदा थोड्या वेळाची असते आणि तेवढा आडकाठीचा वेळ जीव वाचवतो.

पूर्वी आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणाऱ्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९च्या भीतीने घरं प्रयत्न लपवत. २०१८ मध्ये लागू झालेल्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा माणसाला तीव्र ताणाखाली असलेला मानून शिक्षेपासून संरक्षण दिलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलमच नाही. ही गोष्ट गावात अजून बऱ्याच जणांना माहीत नाही, त्यामुळे डॉक्टरपासूनही खरं लपवलं जातं आणि उपचार चुकतात.

मनात असे विचार असतील, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. व्यसनमुक्तीसाठी १४४४६. जिवाला लगेच धोका असेल, तर ११२ किंवा १०८.