तंतुयुक्त स्वयंघनी काँक्रीटचा टिकाऊपणा

व्हायब्रेटर न लावता स्वतःच्या वजनानेच सळयांच्या दाट जाळीतून वाहत जाऊन साचा भरणारे ते स्वयंघनी काँक्रीट. त्यात पोलादाचे, पॉलिप्रोपिलीनचे किंवा काचेचे आखूड तंतू मिसळले की ते तंतुयुक्त होते. कुशल कामगारांच्या तुटवड्यामुळे जपानमधील बांधकामांचा टिकाऊपणा घसरू लागला, तेव्हा टोकियो विद्यापीठाचे प्राध्यापक हाजिमे ओकामुरा यांनी १९८६ मध्ये स्वयंघनी काँक्रीटची कल्पना मांडली. १९८८ मध्ये पहिला नमुना तयार झाला. भारतात आयएस १०२६२ या भारतीय मानकाच्या २०१९ च्या आवृत्तीत त्याच्या मिश्रणाची रीत दिलेली आहे.

काँक्रीटची बहुतेक दुखणी पाण्याच्या वाटेने येतात. सांगली जिल्ह्यात हे उघड दिसते. वाळवा, मिरज या ऊसपट्ट्यात अतिपाण्याने क्षारपड झालेल्या जमिनीतील सल्फेट पाया पोखरतात, तर क्लोराइड सळयांना गंज चढवतात. कृष्णेच्या पूररेषेतले खांब आलटून पालटून भिजतात आणि वाळतात. अशा जागेला आयएस ४५६ हे काँक्रीट बांधकामाचे भारतीय मानक ‘तीव्र’ गटात धरते आणि किमान एम ३० प्रतीचे (२८ दिवसांनी चौरस मिलिमीटरला ३० न्यूटन दाबशक्तीचे) काँक्रीट व ४५ मिमी कव्हर, म्हणजे सळयांवरचे काँक्रीटचे आवरण, मागते.

स्वयंघनी मिश्रणात खडी कमी आणि फ्लाय ॲश (औष्णिक वीज केंद्रातील राख), स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतील मळी) यांची भुकटी जास्त असते. त्यामुळे छिद्रे बारीक होतात व पोकळ्या राहत नाहीत. मात्र पेस्ट, म्हणजे सिमेंट, भुकटी व पाण्याचा लगदा, जास्त म्हणून आकुंचनही जास्त, आणि त्यातून भेगा. तंतूंचे खरे मोल इथे कळते. ते भेगेचे दोन्ही काठ धरून ठेवतात. भेगेतून झिरपणारे पाणी तिच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात बदलते; रुंदी निम्मी झाली तर गळती सुमारे एक-अष्टमांशावर येते. टिकाऊपणाच्या दृष्टीने दाबशक्तीच्या आकड्यापेक्षा ही गोष्ट मोठी आहे.

पोलादी तंतू गंजतील ही भीती बरीचशी अनाठायी आहे. पृष्ठभागावर तांबूस डाग पडतात, पण आतले तंतू सुटे असल्याने गंज एकातून दुसऱ्यात जात नाही. रुंद भेगेत उघडे पडलेले तंतू मात्र झिजतात. पॉलिप्रोपिलीन गंजत नाही. आगीत १६०-१७० अंश सेल्सिअसला वितळून ते वाफेला वाट देते, त्यामुळे काँक्रीटचे कपचे उडणे कमी होते.

चाचणी निवडतानाही सावध राहावे लागते. काँक्रीटमधून किती वीज वाहते यावरून क्लोराइडचा शिरकाव जोखणारी, ६० व्होल्ट दाबाखाली सहा तास घेतली जाणारी चाचणी पोलादी तंतूंच्या मिश्रणाला लावू नये; तंतू वीज वाहतात आणि चांगले काँक्रीटही वाईट ठरते. तिथे पाणी किती खोल शिरले, हे मोजणे योग्य.

तंतू वाढवले की प्रवाह मंदावतो, गुठळ्या होतात आणि स्वयंघनी हा गुणच हरवतो. पोलादी तंतू घनफळाच्या अर्धा टक्का, म्हणजे घनमीटरला सुमारे ४० किलो, घातले तरी पसरण, म्हणजे शंकूच्या साच्यातून सोडलेले ओले काँक्रीट किती व्यासाचे पसरते ते, पुन्हा तपासावी लागते. ती साधारण ५५० ते ८५० मिमी असावी. साताऱ्याच्या माण-खटावसारख्या कोरड्या भागात उन्हाळी वाऱ्याने ओला स्लॅब काही तासांतच तडकू शकतो. तिथे पॉलिप्रोपिलीनचे बारीक तंतू उपयोगी पडतात, तरी पाणी मारणे चुकत नाही: फ्लाय ॲश असलेल्या काँक्रीटला अशा हवेत १४ दिवस क्युरिंग करावे, अशी आयएस ४५६ ची शिफारस आहे.