कोलेशन (डेटाबेसमधला अक्षरक्रम)

डेटाबेसनं मजकूर कुठल्या क्रमानं लावायचा आणि कुठली दोन अक्षरं सारखी धरायची, त्या नियमाला कोलेशन म्हणतात. यादी क्रमानं मागवायचं ऑर्डर बाय सगळेच रोज वापरतात, कोलेशन मात्र डेटाबेस बनवताना जे येईल ते ठेवतात आणि पुढे कुणी त्याकडे बघत नाही.

मराठीत खरी भानगड ळ ची. शाळेत आपण श ष स ह ळ क्ष ज्ञ असं घोकलंय, म्हणजे ळ ह नंतर. युनिकोडमध्ये (संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक देणारं जागतिक मानक) तो ल ला चिकटून, व च्या आधी बसलाय. युनिकोडची देवनागरी इस्की या भारतीय मानकाच्या १९८८ च्या आवृत्तीवर बेतली आहे आणि इस्कीत ब्राह्मीतून आलेल्या लिप्यांना मिळून एकच मांडणी होती, त्यामुळे ळ ची जागा तिथेच ठरून गेली. यावर दोन मतं दिसतात. एक म्हणतं ळ हा उच्चारानं ल चाच मूर्धन्य भाऊबंद, तेव्हा शेजारी बसला तर बिघडलं काय. दुसरं म्हणतं यादीत नाव शोधणारा माणूस पाठ असलेल्या क्रमानंच शोधतो. क्ष आणि ज्ञ स्वतंत्र धरायचे की क आणि ज खाली जोडाक्षर म्हणून, हाही तसाच जुना वाद. कोड पॉइंट, म्हणजे युनिकोडनं अक्षराला दिलेला क्रमांक, हा साठवणुकीचा पत्ता आहे, वर्णमाला नाही, त्यामुळे यादी माणसांनी वाचायची असेल तर दुसरं मत जास्त पटतं.

रत्नागिरी जिल्ह्यातली गावं घ्या. सी कोलेशनमध्ये, म्हणजे नुसत्या कोड पॉइंटच्या क्रमानं, वेळणेश्वर, वेळास, वेसवी असा क्रम लागतो. वर्णमालेप्रमाणे वेसवी आधी आणि मग बाकीची दोन. सिंधुदुर्गात मळगाव आणि मसुरे यांचं तेच. पन्नास गावांच्या यादीत चालून जातं, पण मतदारयादीएवढी यादी छापून हातात दिली की बोंब होते.

पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये आवृत्ती १० पासून आयसीयू (भाषेप्रमाणे क्रम लावणारी युनिकोडची लायब्ररी) कोलेशन आहेत आणि १६ पासून स्वतःचे नियमही देता येतात: क्रिएट कोलेशन करताना रूल्समध्ये '&ह < ळ < क्ष < ज्ञ' (ह नंतर ळ, मग क्ष, मग ज्ञ) एवढं लिहिलं की झालं. ही सोय फारच कमी लोक वापरतात. एक मेख आहे, अशा कॉलमवर 'वे%' सारखा लाइक (वे नं सुरू होणारी नावं शोधणं) साध्या इंडेक्सवरून (पटकन शोधायला बांधलेली सूची) चालत नाही, त्यासाठी टेक्स्ट_पॅटर्न_ऑप्स वाला वेगळा इंडेक्स लागतो.

क्रम डेटाबेसच्या बाहेर, ऑपरेटिंग सिस्टीमच्या लायब्ररीत ठरत असेल तर धोका वेगळाच. ऑगस्ट २०१८ मध्ये ग्लिबसी या लिनक्सच्या मूळ लायब्ररीची २.२८ आवृत्ती आली, तिच्यात क्रमाचे नियम बदलले, आणि जुन्या क्रमानं बांधलेले बी-ट्री इंडेक्स सिस्टीम अपग्रेड झाल्यावर गुपचूप चुकीचे ठरू शकतात, म्हणजे नाव टेबलात असतं पण शोधलं तर सापडत नाही, आणि युनिक इंडेक्स असूनही तीच नोंद दुसऱ्यांदा आत घेतली जाते. मुख्य सर्व्हर आणि रेप्लिका (त्याची चालू नक्कल) यांच्यावर वेगवेगळी ग्लिबसी असेल तरी हेच. तपासायला पोस्टग्रेसचं ॲमचेक हे एक्स्टेन्शन आहे (आवृत्ती १० पासून), आणि सगळा डेटाबेस एका दमात बघायला १४ पासून पीजी_ॲमचेक. इंडेक्स चुकलेला निघाला तर रीइंडेक्स करून तो नव्यानं बांधायचा, आवृत्ती १२ पासून कनकरंटली, म्हणजे टेबलावर लिहिणं चालू ठेवून. रिफ्रेश व्हर्जन ही कमांड फक्त कोलेशनची आवृत्ती बदलल्याचा इशारा गप्प करते, इंडेक्स दुरुस्त करत नाही, म्हणून ती शेवटी द्यायची. बरेच जण उलट करतात.

दुसऱ्या डेटाबेसांपैकी मायएसक्यूएल ८.० चं डीफॉल्ट कोलेशन युनिकोड ९.० च्या क्रमावर आहे. एसक्यूएल सर्व्हरमध्ये इंडिक जनरल नावाचं कोलेशन मिळतं.

आडव्या र चा घोळ क्रमाचा कमी आणि सारखेपणाचा जास्त. 'किनाऱ्यावर' हा शब्द ऱ ला हलंत जोडून टाइप होतो, नाहीतर र, हलंत आणि न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर असा. गुहागरच्या एकाच होमस्टेचं नाव दोन जणांनी असं दोन तऱ्हेनं भरलं तर स्क्रीनवर फरक कळत नाही, पण डेटाबेसला ती दोन वेगळी नावं. एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणारं नॉर्मलाइझ फंक्शन (पोस्टग्रेस १३ पासून) इथे कामाचं नाही, ते जॉइनर काढत नाही. नोंद आत घेतानाच एक रूप दुसऱ्यात बदलून घ्यावं लागतं.