किंगपिन ते ऑफसेट बॉल जॉइंट : ट्रकच्या पुढच्या चाकाचा कोन

"अलाइनमेंट करून आणलं की, तरी टायर का खायलाय?" सोलापुरात ट्रकमालकाच्या तोंडी हा प्रश्न बारमाही असतो. राष्ट्रीय महामार्ग ६५ आणि ५२ इथे भेटतात. मार्केट यार्डात कांदा येतो, हंगामात कारखान्यांकडे उसाची रीघ लागते, आणि भरल्या गाडीचा पुढचा ॲक्सल खड्ड्यात आपटायचा तो आपटतोच. मालकाच्या प्रश्नाचं उत्तर शोधायचं तर थोडं मागे जावं लागतं, कारण गाडीचा कोणता कोन मिस्त्रीच्या हातात ठेवायचा आणि कोणता नाही, हे बनवणाऱ्यांनी वेळोवेळी ठरवत आणलं आहे.

मुळात घोडागाडीचा पुढचा अख्खा कणा मधल्या एका खिळ्यावर वळायचा. म्युनिकचा गाडी बनवणारा गेओर्ग लांकेनस्पर्गर याने त्याऐवजी प्रत्येक चाकाला स्वतःची वेगळी खुंटी दिली. त्याच्या वतीने रुडॉल्फ अकरमन याने १८१८ मध्ये इंग्लंडमध्ये पेटंट घेतलं आणि नाव अकरमनचंच राहिलं. ती खुंटी म्हणजेच आपला किंगपिन. मोटारी आल्या, ट्रक आले, पण जड गाडीच्या पुढच्या अखंड ॲक्सलवर किंगपिन ठाण मांडून बसला तो आजपर्यंत. टेल्कोने (आजची टाटा मोटर्स) १९५४ मध्ये मर्सिडीज-बेंझच्या सहकार्याने ट्रक बनवायला घेतले तेव्हाही पुढे हीच रचना होती, आणि आजच्या टाटा-लेलँडच्या जड ट्रकलाही तीच आहे.

या रचनेत कोन घडाईतच पक्का होतो. चाक समोरून पाहिल्यावर आत-बाहेर किती कललंय तो कॅम्बर आणि बाजूने पाहिल्यावर किंगपिन मागे किती झुकलाय तो कास्टर. दोन्ही ॲक्सलच्या बीममध्येच ठरलेले असतात. मिस्त्रीला सहज हलवता येतो तो फक्त टो-इन, म्हणजे वरून पाहिल्यावर दोन्ही चाकांची पुढची टोकं आत किती वळली आहेत तो कोन, तोही दोन्ही चाकांना जोडणारा टाय रॉड फिरवून. कास्टर कमी-जास्त करायचा तर स्प्रिंगच्या पाट्यांखाली पाचरीसारखी शिम घालतात. कॅम्बर बिघडला तर आधी किंगपिन आणि त्याभोवतीचे बुश (धातूच्या नळ्या) बघायचे. चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवलं की खेळ लगेच कळतो. मग जुना पिन ठोकून काढायचा, नवे बुश बसवायचे, त्यात रीमर (भोक नेमक्या मापाचं करणारं हत्यार) फिरवायचा आणि पिन हाताने दाबला तर जाईल पण लटपटणार नाही इतकंच भोक ठेवायचं. हे काम ज्याच्या हातचं चांगलं, त्याच्याकडे लोक लांबून गाडी घेऊन येतात आणि ते रास्तच आहे. बीमच वाकला असेल तर तो थंड अवस्थेत हायड्रॉलिक जॅकने सरळ करायचा. गॅसने लाल करून वाकवणं मला अजिबात मान्य नाही. घडीव पोलादाला उष्णतेची प्रक्रिया करून दिलेली ताकद त्या आचेत निघून जाते, आणि त्याच ॲक्सलवर पुढे टनावारी माल बसणार असतो.

बॉल जॉइंट म्हणजे दांडीच्या टोकाचा गोळा वाटीत बसवून केलेला, सगळीकडे फिरणारा सांधा. त्याचं वळण मोटारींकडून आलं. अमेरिकेत १९५२ च्या लिंकनमध्ये किंगपिन काढून पुढच्या चाकाला वर-खाली दोन बॉल जॉइंट दिले, आणि हळूहळू ते हलक्या ट्रकपर्यंत पोचले. आपल्याकडे १९९४ मध्ये आलेल्या सुमोसारख्या गाड्यांमुळे स्वतंत्र सस्पेन्शनचं (प्रत्येक चाक वेगळं वर-खाली होतं त्या रचनेचं) काम गावोगावच्या गॅरेजांत शिरलं. अशा रचनेत बहुधा चाक धरणाऱ्या आर्मपाशी शिम घालून किंवा कॅम-बोल्ट फिरवून कॅम्बर-कास्टर जुळवता येतात.

अडचण झाली ती मधल्या जातीच्या गाड्यांची. फोर्डने १९६५ मध्ये पिकअपला दोन आडव्या बीमचा पुढचा ॲक्सल दिला. किंगपिनच्या काळात त्याचा कॅम्बर बीम वाकवूनच दुरुस्त व्हायचा. पुढे १९८० च्या दशकात बॉल जॉइंट आल्यावर वरच्या जॉइंटभोवती मध्य सरकलेली बुशी देऊन फिरवायची सोय झाली. जीपसारख्या चारही चाकं ओढणाऱ्या गाड्यांच्या अखंड ॲक्सलला मात्र बॉल जॉइंट मिळाले, पण कॅम्बरसाठी सोय मिळाली नाही. ती उणीव सुट्या भागांच्या बाजाराने भरून काढली, ऑफसेट बॉल जॉइंट बनवून.

त्याची करामत साधी आहे. नेहमीच्या जॉइंटची दांडी मधोमध असते, याची थोडी बाजूला. जॉइंट कोणत्या दिशेला तोंड करून दाबून बसवला त्यावर सगळं अवलंबून असतं. वरची दांडी गाडीच्या आतल्या अंगाला सरकली तर चाकाचा माथा आत येतो, मागे सरकली तर कास्टर वाढतो, तिरकी ठेवली तर दोन्ही थोडे थोडे बदलतात. दोन जॉइंटमधलं अंतर २०० मिलिमीटर धरलं तर साडेतीन मिलिमीटर सरकण्याने कॅम्बर एक अंश बदलतो. म्हणून बसवण्याआधी दिशा खुणेने पक्की करावी लागते. जॉइंट एकदा दाबून बसला की फिरवायचा म्हणजे पुन्हा प्रेसने काढणं आलं. कॅम्बर बदलला की टो-इनही हलतो, तो शेवटी नव्याने लावायचाच.

हा भाग मोजमाप करून, जीर्ण जॉइंट, सैल हब बेअरिंग आणि वाकलेला नकल (चाकाचा हब ज्यावर बसतो तो भाग) तपासून झाल्यावरच बसवावा. वाकलेल्या नकलवर ऑफसेट जॉइंट चढवला की मशिनवर आकडे हिरवे दिसतात आणि दोष आतच राहतो. असा जॉइंट बसवून वाकलेला भाग झाकणाऱ्याला मी मिस्त्री म्हणणार नाही.

अमेरिकन भागाबरोबर येणारा तक्ता वापरताना आणखी एक गोष्ट पाहावी. तिथे गाड्या उजवीकडून चालतात आणि रस्ता उजव्या कडेला उतरता असतो, म्हणून डाव्या चाकाचा कॅम्बर पाव अंशाच्या आसपास जास्त (माथा बाहेरच्या बाजूला) ठेवून गाडीची ओढ भरून काढतात. आपण डावीकडून चालतो, रस्त्याचा उतारही डावीकडे. तोच आकडा जसाच्या तसा लावला तर गाडी आणखी डावीकडे ओढते, म्हणून जास्तीचा कॅम्बर इथे उजव्या चाकाला द्यायचा.